टपाल एक, यंत्रे अनेक : ई-मेलची मूळ वही कोठे असावी?

(मंडळाच्या विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेतील ज्येष्ठ मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. फोनवर, लॅपटॉपवर आणि कार्यालयातील संगणकावर एकच ई-मेल सारखा कसा ठेवावा, यावर भाषण ते काय करायचे, असे त्यांना वाटले असेल. मलाही आधी तसेच वाटले होते. मी बँकेत कारकून आहे आणि कला शाखेचा पदवीधर आहे. संगणकाच्या नावाने माझ्याजवळ एमएस-सीआयटीचे एक प्रमाणपत्र तेवढे आहे, तेही साहेबांनी सांगितले म्हणून मिळवलेले. परंतु एकाच खात्याची नोंद दोन वह्यांत निरनिराळी झाली तर काय अनर्थ होतो, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. आणि माझ्या स्वतःच्या घरात तो अनर्थ झालेला आहे. तोच आधी सांगतो, म्हणजे विषय कशासाठी घेतला ते कळेल.

२००९ साली माझी बदली धारणीला झाली होती. घर अमरावतीला, आणि मी परतवाडा ओलांडून मेळघाटातल्या घाटापलीकडे. तेव्हा बँका शनिवारी अर्धा दिवस चालत. शनिवारी दुपारी निघायचे, रात्री घरी पोहोचायचे, आणि पावसाळ्यात तेही प्रत्येक आठवड्याला जमत नसे. घरी आई-वडील, धाकटा भाऊ आणि एक संगणक. इंटरनेटची जोडणी घेताना कंपनीने एक ई-मेलचा पत्ता दिला होता. बसवायला आलेल्या मुलाने तो पत्ता संगणकातल्या टपालाच्या प्रोग्राममध्ये घालून दिला आणि तो गेला. त्याने काय बसवले ते मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

माझ्या ताईची मुलगी त्या वर्षी अकोल्याला वसतिगृहात होती. तिने एका संस्थेत पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केला आणि पत्ता दिला माझा. ‘मामाचा पत्ता पक्का’ हा तिचा हिशेब. मी तिला पासवर्ड सांगून ठेवला होता. ती एक दिवसाआड सायबर कॅफेत जायची, तासाचे पैसे मोजायची, ब्राउझरमध्ये पेटी उघडायची आणि पेटी रिकामी दिसायची. असे दोन आठवडे चालले.

दोन शनिवार चुकवून मी घरी आलो. रविवारी सकाळी सहज संगणक लावला तर समोर ते पत्र. ठळक अक्षरांत, न वाचलेले. कागदपत्रे तपासणीसाठी अमुक तारखेस हजर राहावे. ती तारीख उलटून सहा दिवस झाले होते. पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. म्हणजे ते आल्यानंतर माझ्या भाचीने ती पेटी निदान पाच वेळा उघडून पाहिली होती.

काय झाले ते मला तेव्हा समजले नाही, हे खरे. पण मी पुढे जे केले ते समजून केले. ताईला आणि भाचीला मी सांगितले, “त्यांचं पत्रच उशिरा आलं.” संस्थेकडे चौकशी केली, त्यांनी पत्र वेळेवर पाठवल्याचे सांगितले, तेही मी घरी बोललो नाही. मुलीचे वर्ष गेले.

२०१२ मध्ये तो संगणक बिघडला. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, “साहेब, फॉरमॅट करावा लागेल. टपालाची प्रत घेऊ का आधी? नाहीतर सगळं जाईल.” मी म्हणालो, “जाईल कसं? ते इंटरनेटवर आहे ना?” तो हसला. “इंटरनेटवर तुमचं काहीच नाही. जे आहे ते या डब्यात आहे. हा तिथून उचलून आणतो आणि तिथलं पुसून टाकतो.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. धाकटा भाऊ संध्याकाळी गेम खेळायला संगणक लावायचा. संगणक लागला की टपालाचा प्रोग्राम मागच्या बाजूने आपोआप उघडायचा, दर अर्ध्या तासाने पेटीत हात घालायचा, जे असेल ते घरी आणायचा आणि पेटी झाडून ठेवायचा. भाची अकोल्याहून जी पेटी पाहत होती, ती अमरावतीत रिकामी केली जात होती. भावाला पत्ता नाही, भाचीला पत्ता नाही, आणि मी धारणीला.

त्या रात्री मी भाचीला फोन करून सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मामा, मला वाटत होतं मीच नीट बघितलं नाही.” तीन वर्षे ती स्वतःला दोष देत होती. दुसऱ्या वर्षी तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला, आज ती नोकरीत आहे, आणि ही हकीकत मी तिला विचारून सांगत आहे. असो.

आता ही गोष्ट घडते कशी ते पाहू.

ई-मेल थेट आपल्या फोनवर येत नाही. तो येतो एका मोठ्या संगणकावर, ज्याला आपण सर्व्हर म्हणतो. आपले टपाल कचेरीतले खोके म्हणा. त्या खोक्यातून आपल्यापर्यंत टपाल आणण्याच्या दोन रीती आहेत. एकीचे नाव पॉप, दुसरीचे आयमॅप. पॉप हे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉलचे लघुरूप आहे. तिचा पहिला मसुदा १९८४ चा आणि तिसरी आवृत्ती, जी आजही चालते, ती १९८८ ची. या रीतीत तुमचा संगणक खोक्यापाशी जातो, टपाल उचलतो, आणि वेगळे सांगितले नसेल तर खोके रिकामे करून परततो. यापुढे ते टपाल तुमच्या घरी, तुमच्या कपाटात.

या रीतीला नावे ठेवण्याआधी तिचा काळ पाहिला पाहिजे. आपल्याकडे सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. फोनच्या तारेवरून जोडणी, मोडेमची ती किंकाळी, आणि जोडलेल्या प्रत्येक मिनिटाचा आकार. अशा वेळी जोडा, टपाल उचला, फोन ठेवा आणि मग निवांत वाचा, हेच शहाणपणाचे होते. शिवाय खोकी लहान होती. १९९६ मध्ये निघालेल्या हॉटमेलवर सुरुवातीला २ एमबी जागा मिळे. आजच्या फोनवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. खोके रिकामे केले नाही तर पुढचे टपाल परत जायचे. आणि मुख्य म्हणजे एका घरात, किंबहुना एका गल्लीत, एकच संगणक होता. एकाच कपाटात ठेवायचे तर पॉप उत्तम. घोटाळा सुरू झाला तो दुसरे कपाट आले तेव्हा.

बँकेतल्या माणसाला हे लगेच कळते. जुन्या व्यवस्थेत तुमचे खाते ज्या शाखेत, तुमची खतावणी त्याच शाखेत. अमरावतीच्या माणसाला धारणीत पैसे हवे असले तर आम्ही हात जोडायचो, कारण त्याची शिल्लक किती ते आमच्या वहीत नव्हतेच. मी नोकरीला लागल्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे कोअर बँकिंग आले. त्याने केले ते एवढेच, की प्रत्येक शाखेतली मूळ वही उचलून एका मध्यवर्ती ठिकाणी नेली आणि शाखांना तिच्याकडे पाहण्याची खिडकी दिली. आता ग्राहक धारणीत पैसे भरो, अमरावतीत काढो, नाहीतर घरी बसून फोनवर शिल्लक पाहो, वही एकच. तुमचे पासबुक हे त्या वहीची छापलेली प्रत आहे, वही नव्हे. पासबुक हरवले म्हणून पैसे बुडत नाहीत.

ई-मेलचे कोअर बँकिंग म्हणजे आयमॅप. गंमत अशी की हे आपल्या बँकांच्या आधी झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन या गृहस्थांनी १९८६ मध्ये त्याची रचना केली. टपाल मोठ्या संगणकावरच राहू द्यावे आणि निरनिराळ्या यंत्रांवरून तेथेच ते वाचावे, नोंदवावे, लावून ठेवावे, असा त्यांचा विचार. डिसेंबर १९९४ मध्ये आयमॅपची चौथी आवृत्ती निघाली, त्याच महिन्यात त्यांनी एक टिपण लिहून टपाल वाचण्याचे तीन प्रकार मांडले. पहिला, टपाल घरी आणून वाचणे. दुसरा, सतत जोडलेले राहून तिथल्या तिथे वाचणे. तिसरा, सोबत एक प्रत घेऊन जाणे, जोडणी नसताना तिच्यावर काम करणे आणि जोडणी मिळाली की मूळ वहीशी मेळ घालणे. तिसरा प्रकार मला विशेष वाटतो, कारण आज तुमच्या खिशातला फोन हेच करतो. खिशात मावणारा, टपाल वाचणारा फोन तेव्हा सर्वसामान्यांच्या हाती आलेला नव्हता. क्रिस्पिन २०१२ मध्ये वारले. आयमॅपची ताजी सुधारित आवृत्ती ऑगस्ट २०२१ ची आहे. म्हणजे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एकाच खोलीतल्या दोन संगणकांमध्ये पहिला ई-मेल पाठवला, त्याला ५० वर्षे झाली तरी टपाल कोठे ठेवावे याचे काम चालूच आहे.

हा मेळ कसा घातला जातो, ते थोडे सांगतो. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, कारण पुढे फोन विचित्र वागू लागला की हेच उपयोगी पडते.

सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधल्या प्रत्येक पत्राला एक क्रमांक देतो. हा क्रमांक चढत जातो आणि एकदा दिलेला पुन्हा दुसऱ्याला मिळत नाही, आमच्या व्हाउचरसारखा. तुमचा फोन लक्षात ठेवतो की मी ४१२ पर्यंत पाहिले. पुढच्या खेपेस तो फक्त विचारतो, ४१२ नंतर काय आले? सगळे पुन्हा उतरवून घ्यावे लागत नाही. त्याखेरीज प्रत्येक पत्रावर खुणा असतात: वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे, पुसायचे, मसुदा. या खुणा फोनवर नसतात, मूळ वहीत असतात. म्हणून तुम्ही बसमध्ये फोनवर पत्र उघडले की घरच्या लॅपटॉपवरही त्याची ठळक अक्षरे साधी होतात. कधीकधी सर्व्हरवर काही मोठी उलथापालथ होते आणि फोल्डर नव्याने बांधला जातो. तेव्हा सर्व्हर जणू नवी वही उघडल्याचे कळवतो आणि फोन आपली जुनी प्रत टाकून पहिल्यापासून उतरवायला बसतो. तुम्हाला वाटते सगळे टपाल गेले. गेलेले नसते. वाय-फायवर थोडा वेळ फोन ठेवून द्यावा.

पूर्वी फोनला दर काही मिनिटांनी ‘काही आले का?’ असे विचारावे लागे. १९९७ मध्ये आयमॅपला अशी जोड मिळाली की फोनने जोडणी धरून बसावे आणि नवे टपाल आले की सर्व्हरनेच हाक मारावी. जीमेलचे स्वतःचे ॲप गूगलची स्वतःची भाषा बोलते, आयमॅप नव्हे. पण मूळ वही तिकडे आणि आपल्याकडे प्रत, हे तत्त्व तेच. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन आले तेव्हा लोकांना ती थट्टा वाटली होती. आयमॅपची सोय त्यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये दिली.

म्हणजे २००९ मध्ये सगळी साधने हजर होती. माझ्या घरी बसवलेला प्रोग्रामही आयमॅप जाणत होता. बसवताना एका यादीतून पॉप निवडले गेले, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या ओळीपुढच्या चौकोनात खूण केली गेली नाही. एका चौकोनातली एक खूण.

इथे कोणी म्हणेल, मग ती खूण करून पॉपच का वापरू नये? वापरता येईल, पण अर्धेच काम होईल. पत्र दोन्हीकडे दिसेल, मात्र तुम्ही लॅपटॉपवर वाचलेले फोनला कळणार नाही, लॅपटॉपवरून दिलेले उत्तर फोनवर सापडणार नाही, आणि फोल्डर लावून ठेवले असतील तर ते एकाच ठिकाणी राहतील. फोनवर ६०० न वाचलेली पत्रे दाखवणारा लाल आकडा पुष्कळांनी पाहिला असेल. त्या आकड्याकडे पाहायचे आपण सोडून देतो, आणि मग एक दिवस ६०१ वे पत्र कामाचे असते.

आता आपल्या मंडळाच्या कामासंबंधी. मंडळाचा ई-मेल एक आहे आणि तो कार्यालयातील संगणकावर, सचिवांच्या फोनवर आणि कोषाध्यक्षांच्या लॅपटॉपवर, अशा तीन ठिकाणी उघडतो. इथे आयमॅप बरोबर असूनही वेगळाच घोटाळा होतो. सचिवांनी रेल्वेत बसल्या बसल्या एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला. घरी जाऊन पाहू म्हणाले. त्याच क्षणी ते पत्र कोषाध्यक्षांकडे ‘वाचलेले’ झाले. त्यांना वाटले, सचिवांनी पाहिले म्हणजे उत्तर गेले असणार. सचिवांना वाटले, पैशाचा विषय आहे, कोषाध्यक्ष पाहतील. अर्ज तिथेच. बँकेत चेकवर एकाने नुसती नजर टाकली म्हणजे तो पास होत नाही, सही लागते. तेव्हा तिघांनी मिळून ठरवावे: वाचून काम झाले नसेल तर पत्र पुन्हा ‘न वाचलेले’ करावे किंवा त्यावर तारा लावावा. तारा तिन्ही यंत्रांवर दिसतो. काम ज्याने केले त्यानेच तारा काढावा. शक्य असेल तर ‘उत्तर देणे’ आणि ‘पावती देणे’ असे दोन फोल्डर करावेत. हे यंत्र करून देणार नाही, हे माणसांनी ठरवायचे आहे.

पाठवलेल्या पत्रांचे पाहा. काही प्रोग्राम पाठवलेली पत्रे आपल्याच पोटात ठेवतात, काही सर्व्हरवर ‘सेंट’मध्ये, काही ‘सेंट आयटम्स’मध्ये. एकाच खात्यात तीन नावांची तीन पाकिटे तयार होतात. कोणता फोल्डर कशासाठी हे सर्व्हरनेच सांगावे अशी रीत २०११ मध्ये ठरली, पण सगळे प्रोग्राम अजून ती पाळत नाहीत. सेटिंगमध्ये एकदा जाऊन सगळीकडे एकच फोल्डर निवडावा. देणगीदाराला आपण काय लिहिले होते हे दोन वर्षांनी शोधायची वेळ येते.

‘आउटबॉक्स’ मात्र निराळा. विद्यार्थी मित्रहो, हे ध्यानात ठेवा. आउटबॉक्स फक्त तुमच्या हातातल्या यंत्रावर असतो. रेंज नसताना तुम्ही अर्ज लिहिलात, ‘पाठवा’ दाबलेत, फोनने तो आउटबॉक्समध्ये ठेवला आणि रात्री फोनची बॅटरी संपली, तर जगात दुसऱ्या कोणाला तो अर्ज ठाऊक नाही. मुदतीचे पत्र असेल तेव्हा ते ‘सेंट’मध्ये गेले का हे पाहावे, आणि जमल्यास दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे. तिथे दिसले म्हणजे मूळ वहीत चढले.

नाव-पत्त्यांची यादी आणि तारखांची वही या दोन गोष्टी आयमॅप वाहून नेत नाही, त्याला फक्त टपाल कळते. त्यांच्यासाठी वेगळ्या रीती आहेत, कॅलडॅव्ह २००७ ची आणि कार्डडॅव्ह २०११ ची. फोनमध्ये खाते जोडताना ‘मेल’, ‘कॉन्टॅक्ट्स’, ‘कॅलेंडर’ असे तीन खटके दिसतात ते याचसाठी. दोन बंद ठेवून मग फोन बदलल्यावर नंबर गेले म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो.

ज्यांचे जुने टपाल अजून घरच्या संगणकाच्या पोटात आहे, त्यांनी घाई करू नये. कोअर बँकिंगला शाखा जोडली गेली त्या वेळी आम्ही कित्येक रात्री लेजरचा मेळ घालत बसलो होतो. जुन्या वहीची बेरीज आणि नव्या यंत्रातली बेरीज एक आल्याशिवाय शाखाधिकारी जुनी वही बांधून ठेवू देत नसत. एकदा दीड रुपयाचा फरक दोन दिवस सापडला नव्हता. तसेच इथे करावे. जुने पॉपचे खाते काढून न टाकता त्याच प्रोग्राममध्ये तोच पत्ता आयमॅपने दुसऱ्यांदा जोडावा. मग जुन्या फोल्डरमधली पत्रे थोडी थोडी करून, वर्षावार, नव्या खात्यातल्या फोल्डरवर ओढून नेऊन तिथे त्यांची प्रत ठेवावी. प्रत, हलवणे नव्हे. नंतर दोन्हीकडचे आकडे मोजावेत, चार-दोन पत्रे जोडकागदासह उघडून पाहावीत. आकडे जुळले, फोनवरही ती पत्रे दिसली, की मग जुन्याकडे हात लावावा. सर्व्हरवर जागा किती आहे ते मात्र आधी पाहा. जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा टपाल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत वाटलेली असते. ती भरली की नवे टपाल यायचे थांबते. लग्नाच्या व्हिडिओमुळे मुलाखतीचे पत्र परत जाऊ शकते, हे पालकांना सांगून ठेवतो.

आणखी एक, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मेळ घालणे म्हणजे प्रत जपून ठेवणे नव्हे. वही एकच असल्यामुळे तिच्यातून खोडलेले सगळीकडून खोडले जाते. फोनमध्ये गर्दी झाली म्हणून कोणी शंभर पत्रे पुसली तर ती कार्यालयातूनही जातात. जीमेलच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहतात, पुढे नाही. पॉपच्या काळात निदान घरच्या डब्यात एक प्रत उरायची, एवढा त्याचा गुण मान्य करायला हवा. म्हणून वर्षातून एकदा, आपण मार्चअखेरीस हिशेब बंद करतो तेव्हा, सगळ्या टपालाची एक प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. गूगल खात्यासाठी टेकआउट नावाची सोय आहे, इतरांसाठी थंडरबर्डसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम चालतो. ती डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. कार्यालयात चोरी झाली तर दोन्ही एकत्र जातील.

पत्ता कोणाचा आहे, हेही पाहावे. कॉलेजने दिलेला पत्ता कॉलेज सुटल्यावर बंद होऊ शकतो. इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता जोडणी सोडली की जातो. माझा तसाच गेला. कायमच्या कामाला स्वतःचा पत्ता असावा, आणि तो अधूनमधून उघडावा. डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण लागू केले आहे. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू असू द्या. बँकेच्या खिडकीवर रोज एक तरी माणूस येतो, ज्याचा ओटीपी दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमवर जात असतो. ई-मेलचेही तेच आहे.

फोन हरवला तर नवा घेण्याची घाई नंतर करा. आधी दुसऱ्या यंत्रावरून खाते उघडून, जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून हरवलेला फोन काढून टाका. टपाल कुठे जात नाही, ते फोनमध्ये नव्हतेच. आणि जुने प्रोग्राम वापरणाऱ्या मंडळींना एक सूचना: ३० मे २०२२ नंतर गूगल वैयक्तिक खात्यांसाठी नुसते नाव आणि पासवर्ड घेणारी जुनी रीत चालवत नाही. जुना प्रोग्राम पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल तर पासवर्ड चुकलेला नसतो, प्रोग्राम म्हातारा झालेला असतो.

माझ्या भाचीचे ते पत्र मी २०१२ मध्ये, संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी, छापून घेतले. कागद अजून माझ्याजवळ आहे. तिने तो कधी मागितला नाही, मीही दिला नाही.

माझे बोलणे लांबले. चहा झाल्यावर मी मागच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना आपला फोन तपासून पाहायचा असेल त्यांनी यावे. येताना आपला पासवर्ड आठवून यावा, मला सांगू मात्र नये. आणि ज्यांच्या घरी टपालाचा प्रोग्राम घातलेला जुना संगणक असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे: तो संगणक लावावा, मग फोनवर आपली पेटी उघडून पाहावी, आणि काल होते ते आज तिथे आहे का ते मोजावे.